शीतलचा फ्लेक्स

२१ जानेवारी

खोटं बोलले. इथंच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय न्हाई.

हळदीकुंकवाला जाऊबाई बेबीनंदा सगळ्या बायांत म्हणाली, "आक्का, तुमची शीतल सहा वर्षं तिकडं काय शोधत राह्यली? हरवलंय तरी काय?" बाया खिदळल्या. मला दम निघत न्हाई! म्हणलं, "सापडलं बी! बसा आता."

शीतल स्वित्झर्लंडला. बारीक कण एकमेकांवर आपटून बघतात तिथं. तिनं सांगितल्तं — जगाच्या सुरवातीला कोणत्याच कणाला वजन नव्हतं, सगळे सारखे. मंग काही जड झाले, उजेड तेवढा हलकाच राह्यला. असं कशानं झालं, तेच तपासायचं. पण निकाल त्यांनी स्वतःपासूनच झाकून ठेवलाय. मार्चशिवाय उघडायचा न्हाई. "का गं?" तर म्हणे, "आधीच बघितलं की माणसाला पाहिजे तेच दिसतं, आई."

हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

२३ जानेवारी

रेणुकाईच्या देवळाच्या कमानीला फ्लेक्स! काकासाहेब भाऊजींनी लावला. वर शीतल, खाली सगळी भावकी. "जगाचं कोडं सोडवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." बेबीनंदा बी हाय, गॉगल घालून.

काढा म्हणायला गेल्ते. पेढा खाऊन आले.

२४ जानेवारी

आज बी न्हाई बोलले.

२८ जानेवारी

शीतलचा फोन. फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर फिरत फिरत तिच्या साहेबांपर्यंत गेला. हिनं झाकलेला निकाल चोरून बघितला आन् घरी सांगितला, असा त्यांना संशय. मार्चमधी सगळ्यांसमोर तो हिनंच वाचायचा होता!

"आई, तू काही बोललीस का?"

"मी? लोक कायबी लावतात!"

परत खोटं. पोटच्या पोरीला.

२९ जानेवारी

विळा घेऊन गेले, फ्लेक्स कापला. बेबीनंदा धावत आली — "आक्का, येड लागलं का? माझा फोटो!" समद्यांसमोर म्हणलं, "काही सापडलं न्हाई. मीच थाप मारली." कोणी हसलं बी न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

मंग शीतलला तेच सांगितलं. "साहेबाला फोन दे, सांगते मी खोटारडी हाय म्हणून. मराठीत सांगते!" ती म्हणाली, "राहू दे आता."

३० जानेवारी

शीतलचा निरोप आला. — "आई, परवा तू नाही म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. त्याच दिवशी मी साहेबांना लिहून दिलं की निकाल बघितला नाही, घरी मोठेपणासाठी मीच खोटं सांगितलं. तुझं नाव लिहायला हात धजला नाही. निकाल आता माझ्याऐवजी दुसरी कोणी वाचेल."