गव्हाशिवायची बिस्कॉटी

आई, तू कंबरेवर हात ठेवून सांगायचीस की माझ्या हातची पोळी खाऊन अजून कुणी मेलेलं नाही. सदाशिव पेठेतल्या त्या खानावळीत कुणी पोरानं पोळी वातड आहे म्हटलं की हे वाक्य तुझ्याकडं तयारच असायचं. सगळे हसायचे. मालकीणबाई हसायच्या, तुझ्या शेजारी दुसऱ्या पोळपाटावर बसलेली मीही हसायचे. चौथीतून काढून तू मला तिथं बसवलंस. म्हणालीस, दोन हात वाढले की काम लवकर उरकतं, शाळेचं नंतर बघू. ते नंतर काही आलं नाही, म्हणून या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तो दोष तुझ्याकडं. पण सांगायचं ते हे की मेलं होतं. एक जण तुझ्या हातची पोळी खाऊनच मेलं, आणि ते खानावळीतलं नव्हतं, आपल्या घरातलं होतं. तू जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला ते कळलं नाही. आता कळलंय, आणि ते कळायला मला बिस्किटं भाजावी लागली.

माझ्या लेकीची थोरली मुलगी सहा वर्षांची आहे. तुझी पणती. वर्षभर तिच्या अंगाला काही लागत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपायांच्या काड्या, दिवसातून चारदा संडासला पळायचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं बघितलं आणि सांगितलं की हिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे जन्मभर नाही. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, त्याला ग्लुटेन म्हणतात, तो पोटात गेला की हिचं आतडं आतून झिजतं. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, डबीतला हिंगसुद्धा नाही, कारण त्यात कणीक मिसळलेली असते. आता मी तुझी मुलगी, लोकांच्या घरी पोळ्या लाटून संसार केलेली. मला वाटलं ही बाई माझी चेष्टा करतेय. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का, लहानपणी कुणी गेलंय का. लेकीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आई, तुझी एक बहीण होती ना?" मी म्हटलं, "ती काविळीनं गेली. आमच्यात असलं काही नाही." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

कावीळ तूच ठरवली होतीस. डॉक्टर कुठं आला होता आपल्याकडं. कुणी विचारलं की तू कावीळ म्हणायचीस आणि पुढचं विचारू द्यायची नाहीस. मग मीही तेच म्हणायला लागले. आपल्या घरातून मी उचललेली ही एकच गोष्ट, जिच्यासाठी अंगमेहनत लागत नाही.

तर बिस्कॉटी. नातीच्या वर्गातल्या कुणीतरी डब्यात आणली आणि हिनं घरी येऊन भोकाड पसरलं. लेक म्हणाली, "आई, तू कर की. मोबाईलवर बघ, तुला जमेल." बघितलं. टोस्टच की तो. आपण चहात बुडवायचो तसलाच, फक्त तिरका कापलेला, बदाम घातलेला आणि नाव परदेशी. ज्वारीचं पीठ, तांदळाची पिठी, बदाम, गूळ, दोन अंडी, बडीशेप. ज्वारी धुऊन, वाळवून घरीच मिक्सरवर दळायची, कारण गिरणीत आधीच्या बाईचा गहू राहिलेला असतो. आणि सगळं धरून ठेवायला इसबगोल. हो, तेच, पोट साफ व्हायला तू गरम पाण्यातून घ्यायचीस ते. गहू नसला की कुणी कुणाला चिकटत नाही. पहिल्या खेपेला तो लांबट गोळा भाजून काढला आणि गरम असतानाच सुरी लावली, तर सगळा भुगा. मला दम कुठला निघतो. दुसऱ्या खेपेला तासभर गार होऊ दिला, दात्यांच्या सुरीनं करवतल्यासारखे काप केले, आडवे मांडून परत भाजले, आधी एक बाजू, मग दुसरी. खमंग झाली. मी माझ्यावरच खूश. डबा भरला आणि दोन बसा बदलून वारज्याहून वाघोलीला नेऊन दिला. नातीनं उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "आई, कालपासून ती ओकतेय. काय घातलंस त्यात?"

"ज्वारी."

"गिरणीवरची?"

"मिक्सरवरची. मिक्सरचं भांडंसुद्धा नवं."

"ट्रे?"

"नवा."

"कापलंस कशावर?"

कापली होती तुझ्या पोळपाटावर. लग्नात तू मला दिलेली एकच वस्तू. बाकीच्या आया काहीतरी सोन्याचं देतात, तू मला काम दिलंस. शिसवी, जड, त्याच्या दोऱ्याएवढ्या फटीतसुद्धा कणीक बसलेली. मी म्हटलं, "घासून घेतला होता." लेक म्हणाली, "लाकूड आहे ते, आई. चाळीस वर्षांचा गहू आत मुरलाय. घासून जातोय होय?" मग म्हणाली, "राहू दे. तू नको करत जाऊस काही. आणि सध्या शनिवारी मुलींना तुझ्याकडं सोडत नाही मी." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मी भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पोळपाट कचऱ्यात काढला. कचरा न्यायला येते ती बाई म्हणाली, "काकू, हा ओला का सुका?" म्हटलं, "आयुष्यभर कणीक प्यायलाय, तूच ठरव." तिनं वाजवून बघितला. "चांगला आहे की. मी नेऊ घरी?" मी विचारलं, "घरी सगळ्यांना गहू पचतो ना?" ती म्हणाली, "आमच्याकडं दगडसुद्धा पचतात." मग म्हटलं, ने. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, हात धुताना, आणि ते पोळपाटाचं नव्हतं. ओकून ओकून पांढरी पडलेली नात डोळ्यांपुढं आणायला गेले तर तिच्या जागी बहीणच आली. तेच पोट. त्याच काड्या.

नदीकाठच्या आपल्या खोलीत ती भिंतीला टेकून बसलेली असायची. आठ वर्षांची, पण दिसायला पाचाची. तू गहू भिजत घालायचीस, तीन दिवस रोज पाणी बदलायचीस, मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळून पांढराशुभ्र चीक काढायचीस. अशक्त पोराला गव्हाचा चीक, हे तुला तुझ्या आईनं सांगितलेलं. तूप-गूळ घालून शिजवायचीस आणि घरातलं सगळं तूप तिच्या वाटीत. मला भांडं खरवडायलासुद्धा द्यायची नाहीस. ती तोंड फिरवायची. तू गुडघ्यात तिचे हात दाबून धरायचीस, नाक चिमटीत पकडायचीस आणि तोंड उघडलं की चमचा आत. "गप गीळ. ह्यात काय इख कालवलंय व्हय?" कालवलेलं होतं, आई. तीन दिवस भिजवून, वस्त्रगाळ करून, तूप सोडून तू ते तिला पाजत होतीस. इतकं निगुतीनं तर कुणी शत्रूलाही मारत नाही.

पोळ्या ती लपवायची. एकदा माठाच्या तिवईमागं वाळलेल्या सात पोळ्या मला सापडल्या आणि मी तुला नेऊन दाखवल्या. तू तिला लाटण्यानं मारलंस, आणि मला जवळ घेतलंस. तू मला जवळ घेतल्याचं मला आठवतं ते एवढंच, आणि ते का घेतलं होतंस तेही आठवतं.

त्या उन्हाळ्यात मावशी तिला गावाला घेऊन गेली. दोन महिने ज्वारीची भाकरी आणि जे असेल ते कालवण. परत आली तर गाल आलेले, पोट उतरलेलं, अंगणात लंगडी घालत होती. मावशी बिचारी एवढंच म्हणाली, "अक्का, तिला भाकरीच मानवतीया. भाकरीच देत जा." तुला ते टोमण्यासारखं लागलं. "म्हंजी माझ्या घरात उपाशी मरत हुती का ती? भाकरीच खायाची हुती तर गाव कशाला सोडलं आमी?" मावशीला तू चहासुद्धा विचारला नाहीस. गाव सोडून पुण्यात आलो, पेठेतल्या लोकांसारखी रोज पोळी खातो, हा तुझा केवढा मोठा पराक्रम होता. त्या दिवसापासून आपल्या घरात ज्वारीचा दाणा आला नाही. तिला तू दुप्पट भरवलंस. गणपतीपर्यंत गाल गेले. दिवाळीला ती नव्हती. तू मात्र सत्तरी ओलांडलीस आणि शेवटच्या दिवशीही दुधात पोळी कुस्करून खाल्लीस. दोनदा मागून घेतलीस. तुला कधी साधी ढेकर आली नाही.

हे सगळं आत्ता उकरायचं कारण लेकीची दुसरी मुलगी. अडीच वर्षांची आहे. परवा मोबाईलवर दाखवली मला, फ्रॉक वर करून नाचत होती. पोट पुढं, मांड्यांची कातडी सुटलेली. लेक हसत होती, मला हसू येईना. डॉक्टरीणबाईंनी हिचंही रक्त तपासून घ्या म्हणून लिहून दिलंय. जावई म्हणतात, "दोन्हीकडं कुणालाच नाही, आई स्वतःच म्हणाल्या ना. एवढ्याशा पोरीला कशाला सुया टोचायच्या? जरा मोठी झाल्यावर बघू." लेकीनंही मग लावून धरलं नाही. म्हणजे ती पोरगी आज सकाळीही तूप लावून पोळी खाऊन बसलीय, ती माझ्या एका नाहीवर. गुरुवारी थोरलीला दाखवायला न्यायचंय. अकराचा नंबर आहे. मलाही बोलावलंय, कारण मुलींना धरायला कुणीतरी लागतं.

तू म्हणशील, मग सांगून टाक, तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलंय. सांगणारच आहे. माझी बहीण अशीच झिजून गेली, कावीळबिवीळ काही नव्हती, एवढं सांगणार. पण माझी लेक तुझ्यासारखी नाही, ती विचारते. कशावर कापलंस इथपर्यंत विचारणारी बाई ती. ती विचारेल, "तुला तेव्हा काहीच कळलं नव्हतं?" आणि इथं मी अडकलेय.

गावाहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी बहीण नळावर माझ्याजवळ आली होती. मी हंडा भरत होते. म्हणाली, "ताई, पोळीनं माझ्या पोटात मुरडतं. भाकरीनं नाही मुरडत. तू सांग ना आईला, तुझं ऐकते ती." इतकं सरळ सांगितलं तिनं. आज डॉक्टरीणबाईंना जे कळायला दुर्बीण लागली ते त्या पोरीला तिचं तिला कळलं होतं. मी सांगते म्हणाले. आणि नाही सांगितलं. विसरले नाही, आई. खानावळीतून यायचे तेव्हा माझे हात खांद्यापासून ठणकत असायचे. हिच्यासाठी रोज वेगळी भाकरी थापायची ठरली तर ती तू थापणार नव्हतीस, मीच थापणार होते. अकरा वर्षांची होते मी, पण एवढं मला पक्कं कळत होतं. ती रोज माझ्याकडं बघायची, सांगितलंस का म्हणून. मी मान हलवायचे.

हे मी कुणाला बोललेले नाही. हे कागद पोस्टात टाकायचे नसतात हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे. नवऱ्याला वाटतंय मी किराण्याची यादी लिहितेय. पण मला तुझ्याकडून एकच पाहिजे. मी सांगत नाही हे बघून ती तुझ्याकडं आली होती का? स्वतः बोलली होती का तुला? ती बोलली होती आणि तरी तू तिच्या नाकाची चिमटी धरलीस, का ती माझ्या भरवशावर गप्प बसून गेली? पहिलं असेल तर गुरुवारी मी लेकीला तुझं नाव सांगीन, मला काही जड जाणार नाही. दुसरं असेल तर मला माझं सांगावं लागेल, आणि मग त्या दोघी पोरी माझ्या घराचा उंबरा परत चढतील असं मला वाटत नाही. जन्मभर तू मला काही विचारलंस तर मी लगेच उठून उत्तर दिलंय. आता तू दे. गुरुवारी नऊच्या बसला निघायचंय मला, त्यामुळं बुधवारी दिवेलागणीच्या आत पाहिजे.