माझी हरकत आहे

नॉटिंगहॅम,
जुलै संपत आला

तीर्थस्वरूप वन्सं,

वरदाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून लिहिते आहे, कारण दोन दिवस पाठ सरळ होत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तुमचे बंधू आणि तनू खुशाल आहेत, आणि माझं काय ते या पत्रात आहे. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता साताऱ्याच्या घरातली जळमटंसुद्धा लख्ख दिसायला लागली, असं उदय म्हणाला. उत्तम झालं. म्हणजे माझं अक्षर लागलं नाही असं आता म्हणता यायचं नाही. पत्रच का, तर फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, आणि व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या की वाचायच्या आधीच हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळ्या होता. पत्राचं बरं असतं, त्यात मधेच कुणाला 'अगं पण' म्हणून शिरता येत नाही.

तर वन्सं, मुद्द्याचं आधी लिहिते. मागच्या रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला सप्टेंबरात तीन महिने राहायला येण्याबद्दल विचारलंत, मी संमती दिली, आणि उदयने त्याच संध्याकाळी तुमचं तिकीट काढलं. ती संमती मी परत घेते आहे. तुमच्यावर राग नाही. (थोडा आहे, पण तो जुना आहे आणि त्याचा इथे संबंध नाही.) ती संमती मी दिलीच नव्हती, ती माझ्याकडून निसटली. कशी निसटली ते समजायला थोडं मागे जावं लागेल, तेव्हा टेकून बसा.

गेल्या हिवाळ्यात मी रोइंग मशीन घेतलं. उदय त्याला होडी म्हणतो, तनू बोट म्हणते, आणि तुम्ही त्याला 'ते लोखंडी धूड' म्हणालात, तेही मी ऐकलं आहे. लांब दांडीवर मागेपुढे सरकणारी सीट, पाय पट्ट्यांत अडकवायचे, साखळीचं हँडल धरायचं आणि पाण्याचा थेंब नसताना वल्हवत सुटायचं. तुम्ही गेल्या वेळी उतरला होतात त्याच मागच्या खोलीत ते आहे. आमच्या घरात आलेलं व्यायामाचं कुठलंही मशीन शेवटी कपडे वाळवण्याच्या कामी येतं, हा उदयचा अनुभव, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याने प्रेमाने हँडलवर मोजे वाळत घातले. ते मी खिडकीतून गार्डनमध्ये भिरकावले. खरं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. तुम्ही त्याला विचारलंत म्हणे, की या वयात एवढा घाम गाळून वरदा पोचते तरी कुठे? कुठेही पोचत नाही, वन्सं. जिथे बसते तिथेच उतरते, आणि मला ते फार आवडतं.

आता खरी गोष्ट. आमच्या हॉस्पिटलच्या पन्नाशीपुढच्या चार बायकांची टीम नोव्हेंबरात मँचेस्टरला शर्यतीला जाणार आहे. खोलीतल्या खोलीत वल्हवायची शर्यत, हो, अशी असते. कॅप्टन पॉलीन, आमच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ती मला म्हणाली, डक, चौथी सीट तुझी, फक्त दोन हजार मीटर एका दमात मारून स्क्रीनचा फोटो मला पाठव. (इथे प्रेमाने सगळ्यांनाच डक म्हणतात, सर्जनलाही म्हणतात. नवीन आले होते तेव्हा मला वाटायचं, माझ्या चालीवरून म्हणतात.) सप्टेंबर संपायच्या आत फोटो गेला नाही, तर सीट फार्मसीतल्या जिलियनला. जिलियन बाई चांगली आहे, पण एकटी राहते, तिच्या घरात मांजरसुद्धा नाही. तिचा फोटो तयारच असणार. मला ती सीट हवी आहे. सरळ लिहिते, कारण या घरात 'मला हवंय' असं मी आजवर फारसं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तेव्हा ते कढीपत्त्याबद्दल होतं.

दोन हजार मीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, तुमच्या घरापासून भाजी मंडईपर्यंत जाऊन येण्याइतकं. पण जीव तोडून मारायचे तर पहिल्या पाचशेत माणूस स्वतःवर खूश असतो, दुसऱ्यात मांड्या पेटतात, तिसऱ्यात आपण हे का करतोय याचं उत्तर सापडत नाही आणि शेवटच्या पाचशेत प्रश्नही आठवत नाही. मधे हात थांबले की सगळं मुसळ केरात. स्क्रीनवरचा वेळ पुढे पळत राहतो आणि तो फोटो पॉलीनला दाखवायच्या लायकीचा उरत नाही. आणि नेमका तिसऱ्या पाचशेला आमच्या घराला माझा पुळका येतो. पहिल्या प्रयत्नात उदयने दार उघडून विचारलं की कुकरच्या शिट्ट्या मी मोजल्या का, कारण त्याने मोजल्या नाहीत. दुसऱ्या वेळी घर तापवणारा बॉयलर तपासायला गॅसवाला आला. बॉयलर त्याच खोलीतल्या कपाटात आहे, त्यामुळे तो बापडा माझ्यावरून ढांग टाकून पलीकडे गेला, मला म्हणाला चालू दे डक, आणि हत्यारांची पिशवी ठेवली ती सीट सरकायच्या दांडीवर. तिसऱ्या वेळी शेजारच्यांचं पार्सल आलं. उदय मीटिंगमध्ये होता, म्हणून मीटिंगमधून उठून तो मला सांगायला आला की दार उघड. मी पट्ट्यांत बांधलेली आणि तो मोकळा, पण उठायचं कुणी, तर मी. शेवटी दारावर पाटी लावली, कृपया आत येऊ नये. उदयने टकटक करून विचारलं की ही पाटी चहालाही लागू आहे का.

मला वाटायचं हा योगायोग. कसला योगायोग. तनूनेच एक दिवस बिंग फोडलं. (पोरगी इथेच जन्मली, मराठी बोलते हेच खूप, लिंगं मात्र मनाला येतील तशी वाटते.) म्हणाली, "आई, तू बोटवर असली की सगळ्याला हो म्हणते. हा ट्रिक बाबानेच सांगितला मला."

वन्सं, तुम्ही आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलंत, तेव्हा तुम्हाला हे पटकन कळेल. दर वेळी हँडल ओढलं की छातीतला श्वास 'हं' असा बाहेर पडतो. इंग्रज बाईने तसं केलं तर तो नुसता श्वास. मराठी बाईने केलं की तो होकार. मी आपली वल्हवते आहे, हं, हं, हं, आणि माझा नवरा दारात उभा राहून एकेक ठराव मंजूर करून घेतो आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दीडशे उकडीचे मोदक आपल्या घरून जाणार आहेत, असं मला मंडळाच्या सेक्रेटरीने अभिनंदन केलं तेव्हा कळलं. तनूचं मैत्रिणींबरोबर मँचेस्टरला राहायला जायचं ठरलं, तेही 'हं'वर. गॅसवाल्यालासुद्धा काय ते उमजलं असावं, कारण आता आमच्या भिंतीवर फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट आहे आणि तो फक्त उदयचं ऐकतो.

मी भूल देणारी डॉक्टर आहे. पेशंटची संमती घेतल्याशिवाय साधी सुई टोचत नाही. त्याला शांत बसवते, काय करणार ते नीट समजावते, शंका विचारू देते, मग सही घेते. गुंगीत असलेल्या, कण्हणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाने मान हलवली म्हणून ती संमती धरली, तर माझं लायसन्स जाईल. आणि माझ्याच घरात माझ्या श्वासावर मोदक ठरतात. मी उदयला हे सांगितलं तर तो म्हणाला, अगं, तू एरवी कशालाच पटकन हो म्हणत नाहीस, आम्ही करायचं काय? इतका प्रामाणिकपणे म्हणाला की मला क्षणभर त्याचीच कीव आली. तो क्षण लगेच गेला.

मग मी श्वासच बदलला. पुढे सरकताना 'ना', ओढताना 'ही'. ना-ही, ना-ही, ना-ही. वन्सं, काय सांगू, इतकं मोकळं वाटलं. वेग वाढला. लग्नानंतर जितक्या वेळा 'नाही' मी सगळं मिळून म्हटलं नसेल, तितक्या वेळा एका सकाळी म्हटलं. पलीकडच्या घरातल्या म्हातारबुवांनी भिंतीतून हे ऐकून उदयला विचारलं की तुमची बायको जप करते का, फार शांत वाटतं ऐकून. चार दिवस घर गप्प होतं. मला वाटलं, जिंकले.

पण तो तुमचा भाऊ. व्याकरण एकाच घरातलं. त्याने प्रश्नच फिरवले. आता तो दारात उभा राहून 'करू का' असं विचारतच नाही. 'केलं तर तुझी काही हरकत नाही ना' असं विचारतो. ना-ही, ना-ही. झालं, मंजूर. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत बाईची अशी कोंडी होत असेल असं मला वाटत नाही. आणि मागच्या रविवारी, तिसऱ्या पाचशेला, त्याने फोनच माझ्या तोंडासमोर धरला. मी घामाने निथळते आहे, केस तोंडावर, डोळे पांढरे, आणि स्क्रीनवर तुम्ही, तुळशीपाशी खुर्ची टाकून, अगदी ठेवणीतल्या आवाजात विचारताय की वरदा, मी तीन महिने येते, ते तुझं धूड शेडमध्ये ठेवायचं, तुझी काही हरकत नाही ना? माझ्या तोंडून काय गेलं ते तुम्ही ऐकलंतच. गोड हसून तुम्ही म्हणालात की गुणाची आहेस. त्यानंतर मी आणखी चारशे मीटर मारले, ते तुमच्यावरच्या रागाने मारले, पण मधे हात थांबल्यामुळे फोटो वाया गेला होता.

म्हणून आता बसून, नीट श्वास घेऊन, शुद्धीत लिहिते. माझी हरकत आहे. मशीन शेडमध्ये जाणार नाही. शेडमध्ये कोळी आहेत आणि उदयच्या सायकली आहेत, त्यातलं काहीही मी हलवणार नाही. मोदक मी करणार नाही. उदयने कबूल केलेत, उदयने वळावेत, कळ्या पाडायला त्याला तुम्ही व्हिडिओवर शिकवा. तनू मँचेस्टरला जाऊ दे, ते पोरीने हुशारीने मिळवलंय. आणि दर रविवारी सकाळी मागची खोली माझी आहे, कुणीही आलं असलं, कुणीही गेलं असलं तरी. याला घरात कुणाची परवानगी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. तुमचीही नाही, हे वाचून तुमच्या भुवया कुठे गेल्या असतील ते मला इथून दिसतंय. जाऊ देत.

साताऱ्यात पाऊस फार आहे असं ऐकते, जपून असा. मोठ्यांना नमस्कार, लहानांनी मी कशी आहे असं विचारलं तर सांगा, हट्टी झाली आहे.

तुमची भावजय,
वरदा

ता. क. तिकीट मात्र रद्द करू नका. हरकत मशीन हलवायला आहे, तुम्ही यायला नाही म्हटलेलं नाही. पलंग खिडकीकडे सरकवला की मशीन आणि तुम्ही दोघंही मावता, मी टेपने मोजून पाहिलंय.

ता. ता. क. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं, पण रागाच्या भरात राहून गेलं. उदयला या जगात एकाच माणसाची भीती वाटते आणि त्या तुम्ही. मी पाटी लावली, कडी लावली (दाराखालच्या फटीतून त्याने कागदावर प्रश्न लिहून सरकवला), रागावले, रडलेही एकदा, कशाचा उपयोग झाला नाही. सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी मला अखेरचा प्रयत्न करायचाय आणि वन्सं, मला तो पूर्ण करायचाय. हातात घेतलेलं एक तरी काम मधे न उठता शेवटापर्यंत न्यायचंय. तुम्ही शाळेच्या फाटकात उभ्या राहिलात की उशिरा आलेले मास्तर मागच्या भिंतीवरून उड्या मारायचे, हे उदय अजून सांगतो. मी पॅसेजमध्ये खुर्ची ठेवते. गुडघा बदलल्यापासून तुम्हाला पाय लांब करून बसावं लागतं ना, तसाच समोरच्या भिंतीपर्यंत लांब करा, की वाट बंद. उदय, तनू, गॅसवाला, पार्सल, कुणालाही सोडू नका. तुम्हीसुद्धा आत यायचं नाही. माझा आरडाओरडा ऐकू येईल, देवांची नावं ऐकू येतील, तरी नाही. मग धप्पकन पडल्याचा आवाज आला, तर समजा की झाले दोन हजार. त्यानंतरही लगेच दार उघडू नका. आधी मला फोटो काढू द्या.