रविवारची जागा

आप्पा, आपल्या जागेचं गुपित कुणीतरी फोडलं. तुम्ही असता तर आधी दार लावून घेतलं असतंत, खिडकीतून शेजारी कोण उभं आहे का ते बघितलं असतंत आणि मग हळूच विचारलं असतंत, "कुणी?" कुणी ते आता कळलंय. पण मी क्रमानं सांगणार आहे, तुम्हीही क्रमानंच ऐका. एकदम शेवट सांगितला तर तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं" म्हणून विषय बदलाल, आणि या वेळी मला तो बदलू द्यायचा नाही.

जागा म्हणजे बदलापूरच्या पुढच्या तळ्यावरचा आपला काळा खडक. तिथं जायचं म्हणजे तुमचे केवढे सोपस्कार! कॅम्प पाचमधल्या घरून निघताना गळाच्या काठ्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळायच्या आणि चाळीत कुणी विचारलं तर सांगायचं, पडद्याच्या काठ्या आहेत. दर रविवारी पहाटे पडद्याच्या काठ्या घेऊन निघणारा माणूस, आणि चाळ काय खुळी होती? बसमधून एक थांबा आधी उतरायचं. मला मागून चालायला लावायचं, कुणी पाठीवर नाही ना ते बघायला. बाकीचे गळवाले बांधावर रांगेनं बसलेले असायचे. त्यांच्यासमोरून आपण घरी निघाल्यासारखं जायचं, आणि वळणावर करवंदीच्या जाळीतून आत. एकदा मी आईनं शिवलेला पिवळा फ्रॉक घालून आले, तर तुम्ही किती चिडलात. "पिवळा? मासे काय आंधळे आहेत? आणि ते बांधावरचे आंधळे आहेत?" खरी भीती बांधावरच्यांची होती, माशांची नव्हे, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढच्या रविवारी तुमचा कंपनीतला जुना खाकी शर्ट आईनं माझ्या मापाचा करून दिला. आजही मी तळ्यावर मातकट रंगाचंच काही घालते. सुनेला वाटतं, सासूबाईंना कपड्यांची हौस नाही.

आणि तो स्वयंपाकघरातला शनिवार. तुम्ही परातीत कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि बडीशेप घालून गोळे मळताय, आई बाजूला उभी राहून तोंडाचा पट्टा सोडतेय. "घरच्या पोरांना कोरडी भाकर, आणि तळ्यातल्या जावयांना बडीशेप!" तुम्ही मान खाली घालून हसताय. उरलेल्या गोळ्यांची फडक्यात पोटली बांधायची, आत दगड, वरून साडीच्या काठाची पट्टी, आणि तुमची ती दोनदा उलटी फिरवलेली गाठ. पोटली नेहमी एकाच ठिकाणी सोडायची, म्हणजे मासे तिथं यायला शिकतात. समोरच्या काठावरच्या ताडाच्या रेषेत, खडकापासून माझी नजर जाईल तिथं. ते दाखवताना तुम्ही म्हणालात, "ही जागा तुला नि मला. तिसऱ्याला नाही. तुझ्या भावांनाही नाही." थोरल्याला तुमच्या जागी कंपनीत नोकरी मिळाली, धाकट्याला खोली मिळाली. मला हा खडक मिळाला. कुणी विचारलं असतं तर मी तरीही खडकच मागितला असता.

फक्त एक गोष्ट तेव्हाही खटकायची. मधल्या वारी, रात्रपाळी करून तुम्ही कधीकधी उशिरा घरी यायचात आणि पिशवीत रोहू असायचा. "बाजारातून आणला," म्हणायचात. आई गुपचूप साफ करायला घ्यायची. मी मात्र दाराशी काढलेल्या तुमच्या चपला बघायचे. त्यांना तांबडी माती असायची, ओली. मासळीबाजारात कसली आलीय तांबडी माती? पण बापावर संशय घ्यायचं माझं वय नव्हतं. चपला धुऊन उन्हात ठेवायचे आणि विसरायचे.

आता आजचं सांगते. नोकरीतून सुटल्यापासून मी बदलापुरातच असते आणि पौर्णिमा सोडून एक रविवार चुकवत नाही. पौर्णिमेला विहारात, तळ्यावर नाही, तुमचा नियम पाळते. समोरच्या काठावर एक रिसॉर्ट झालंय. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तो ताड पाडला. रेष गेली. माझ्या डोळ्यांनाही आता पूर्वीसारखं अंतर कळत नाही. मग मी तेलाचा एक रिकामा लाल डबा आणला, बूच घट्ट लावलं, दगड बांधून तो पोटलीच्या जागी तरंगत सोडला. वरून डबा, खाली आपली जागा. झकास काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

आणि मग त्या पाण्यातल्या स्कूटर आल्या. लोक वॉटर स्कूटर म्हणतात, कुणी जेट स्की म्हणतं, मी जे म्हणते ते तुमच्यासमोर लिहिता येणार नाही. रिसॉर्टवाले भाड्यानं देतात. केवढं मोठं तळं पडलंय, आप्पा! पण नाही. समोरून सुटतात ते थेट आपल्या खडकाच्या अंगावर येतात, अगदी गळापाशी गर्रकन वळतात, हुर्रे करतात आणि जातात. लाट येऊन माझ्या मांडीपर्यंत भिजवते. पाणी गढूळ, मासे पसार. एकदा तर एकानं दोरीच तोडली, गळासकट. मी उठून ओरडले, "अरे ए! डोळे फुटले का?" तर तो दचकून म्हणतो, "सॉरी आंटी, आप दिखे नहीं!" दिसले नाही म्हणे. बांधावरच्या दहाबाराजणांकडे कुणी फिरकत नाही आणि माझ्याकडेच सगळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे आपसूक होत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय. कुणीतरी यांना सांगितलंय, तिथं एक म्हातारी बसते, तिला उठवा.

मग माझी झोप उडाली. रिसॉर्टचा वॉचमन मला नमस्कार करतो, तो का करतो? चहाच्या टपरीवाली विचारते, "ताई, आज कुठं बसलात?" तिला काय करायचंय? धाकट्यानं फोनवर सहज विचारलं, अजून जातेस का गं तळ्यावर, तर मी म्हटलं, नाही, सोडलं कधीच. सख्ख्या भावाशी खोटं बोलले आणि वरून अभिमान वाटला. तुमचीच मुलगी.

पण सगळ्यांत जास्त संशय आला तो काकांचा. तुमचे ते सिंधी दोस्त, कॅम्प एकमधले, बटण-चेनच्या दुकानवाले. आता पोरगा दुकान बघतो, आणि काका मधल्या वारी काठी घेऊन बांधावर बसतात. मी एकदा बुधवारी गेले तर भेटले. माझी पिशवी चाचपून म्हणाले, "क्या बात है बेटी! पत्थर के पास मिला?" मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. पत्थर? यांना पत्थर कसा माहीत? आणि पुढच्याच आठवड्यात टपरीवर ते त्या स्कूटरवाल्या पोरांना समोसे खिलवताना दिसले. बस. माझा निकाल लागला.

मी सरळ त्यांच्या दुकानात गेले. गल्लीत हातगाड्या, जीन्सचे गठ्ठे, आत काका गल्ल्यामागे खुर्चीवर. "आओ आओ, बैठो," म्हणून पोराला चहा सांगायला लावला. मी बसले नाही. म्हटलं, "काका, एकच विचारते. माझ्या वडिलांची जागा तुम्ही त्या पोरांना दाखवली का?" दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. काका आधी गोंधळले, मग हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "बेटी, वो जगह तेरे पापा की कब से हुई? वो पत्थर तो मैंने उसको दिखाया था."

मला वाटलं, म्हातारा बनवतोय मला. तोंडावर तसं म्हटलंही. तर ते शांतपणे सांगायला लागले. तुमची रात्रपाळी सुटली की दुकान उघडायच्या आधी तुम्ही दोघं तळ्यावर जायचात. बुधवारी, गुरुवारी, जमेल तसं. तुम्ही गोळे आणायचात, ते घरून तळलेला पापड आणि लोणचं. ताडाची रेष त्यांनी शोधलेली. "फिर एक दिन तेरा बाप बोला, साईं, मेरी लडकी को लाना है. उसको बोला है कि ये जगह सिर्फ हम दोनों को पता है. तू इतवार को मत आना." मी विचारलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मैं क्या? नहीं आया. इतवार को ही दुकान बंद रहता था मेरा, घरवाली खुश हो गई." आणि मग, पेला खाली ठेवत, "आज तक नहीं आया. तूने कभी देखा मुझे इतवार को?"

नव्हतं बघितलं, आप्पा. एकदाही नाही. मी उभ्या उभ्या सगळे रविवार आठवत राहिले आणि एकातही ते नव्हते. मग तुमच्या चपला आठवल्या. तुमचा राग आला, खरं सांगते. गिऱ्हाईक समोर नसतं तर रडले असते. एवढं लपवाछपवीचं राज्य आपण दोघांनी मिळून चालवलं आणि त्यात तुम्ही मलाच गंडवलंत? आणि तुम्ही गेल्यावरही हा माणूस तुमचा शब्द पाळत राहिला, आणि मी त्याच्याच दुकानात, चार माणसांत, त्याला चोर ठरवायला आले होते.

तरी माझी खोड गेली नाही. म्हटलं, मग ती पोरं माझ्याच अंगावर का येतात? काका म्हणाले, "पूछ के देखा?" इतके महिने ओरडले होते, विचारलं नव्हतं. बुधवारी आम्ही दोघं खडकावर गेलो. हात धरून मी त्यांना जाळीतून नेलं, पण वाट त्यांनीच आधी ओळखली. थोड्या वेळानं स्कूटर आलीच. काकांनी उठून टोपी हलवली, पोराला जवळ बोलावलं आणि गोडीत विचारलं, "बेटा, इतना बड़ा पानी है, यहीं क्यों घूमता है?" पोरगं म्हणालं, "अंकल, वो लाल डब्बा है ना, उसको राऊंड मार के वापस जाने का. सब वहीं से टर्न मारते. हमको लगा रिसॉर्ट ने लगाया है." आणि माझ्याकडे बघून, "आंटी तो दिखती ही नहीं, एकदम झाड़ी के कलर की है."

काका माझ्याकडे वळले. "डब्बा किसने बाँधा?" मी पटकन म्हटलं, "काय माहीत. वॉचमननं बांधला असेल." पोरानं डबा ओढून काठाशी आणून दिला आणि गेला. काकांनी दोरी हातावर गोळा केली. खालून दगड वर आला, त्याच्याभोवती आईच्या साडीचा काठ, आणि त्यावर तुमची दोनदा उलटी फिरवलेली गाठ. त्या गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "ये वॉचमन लोग भी ना!"

मग त्यांनी गळ टाकला. ताड नाही, डबा नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गळ जाऊन पडला तो बरोबर आपल्या जागी. मी माझा त्याच्या शेजारी टाकला. त्यानंतर कुणी आलं नाही, दुपारपर्यंत पाणी शांत होतं. निघताना मी त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. चालताना ते थकत होते, दर थोड्या अंतरावर थांबत होते. रिक्षात बसताना म्हणाले, "इतवार को आएगी ना तू? बैठ आराम से. इतवार तेरा है."

डबा आता माझ्या गॅलरीत आहे, त्यात मी तुळस लावायचं म्हणतेय. हे पत्र गोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठं ठेवणार? स्कूटर आता तिकडे फिरत नाहीत, जागा सुटली, तुम्ही निर्धास्त असा. फक्त एक राहिलं. रिक्षा सुरू झाली तेव्हा मी म्हणणार होते, काका, या रविवारी तुम्हीही या. तोंड उघडलं होतं हो, आप्पा. पण रविवार द्यावासा वाटला नाही.