कोट सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय सेहेचाळीस, पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सासूबाई दाराशी उभ्या आहेत, पण तो दबाव समजू नये.

कारण सांगणे भाग आहे. माझ्या काखेत गाठ निघाली असून तिचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका." मी घाबरले नव्हते. पण त्या संध्याकाळी सासूबाई माझ्या चहाला "छान झालाय हो" म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. तेव्हा मात्र घाबरले.

१. दुकानाची खोली, इस्त्रीचे टेबल आणि बँकेतली शिल्लक माझ्या पतींना, यापुढे नुसते 'हे', मिळावी. ह्यांना काळजी वाटली की हे इस्त्री करतात. सध्या घरातले पायपुसणेसुद्धा कडक आहे.

२. शिलाई मशीन मुलीला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तरीही. लहानपणी तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या शिवणीत मी दोन बोटे जास्तीचे कापड ठेवत असे. ती चिडायची, "आई, मी काय हत्ती होणार आहे का गं?" मी म्हणे, "झालीस तर उघडी पडायला नकोस." मशीनवर कुंडी ठेवू नये.

३. मोठी कात्री नणंदेला. याच कात्रीने तिने पुठ्ठा कापला होता. कापडाची कात्री एकदा पुठ्ठ्यावर चालली की कापडाला दातच लावते. वन्सं, आता निवांत पुठ्ठे कापा. राग उरलेला नाही. थोडा आहे, तोही तुम्हालाच.

४. मोजायची टेप कचऱ्यात टाकावी. गाठ सापडली त्या आठवड्यात ह्यांनी चादरींबरोबर टेपवरही इस्त्री फिरवली. प्लॅस्टिकची टेप, आखडली. मला कळलेच नाही. आमचे गिऱ्हाईक बेकरीवाले, त्यांचे माप टेप आखडण्याआधीच घेतलेले होते. त्यांचा कोट मी त्या आखडलेल्या टेपने बेतला. कोट पोटावर येईना. बिचाऱ्यांनी स्वतःच्याच बेकरीतले खाणे सोडले. पुढच्या खेपेला उपाशी चेहऱ्याने म्हणाले, "ताई, काकडी खाऊन दिवस काढले हो! तरी बटण लागत नाही."

टेप नव्या टेपशेजारी धरली आणि उजेड पडला. हे खुर्चीत बसले. म्हणाले, "मी सगळं बिघडवतोय."

"काही बिघडलं नाही," मी म्हटले, "आत कापड आहे." शिवण उसवली, कोट सैल केला. बेकरीवाल्यांनी तो घालून आमच्यासमोरच दोन केक खाल्ले.

त्या रात्री मला झोप लागली. उद्या काय निघेल ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. माप चुकू शकते, हे धरूनच मी आयुष्यभर शिवत आले. मग आताच हातपाय का गाळायचे?

५. सासूबाईंना माझी उशाकडची खिडकी. अट एकच, त्यांनी चहाला पुन्हा नावे ठेवावीत. आजपासूनच.

६. मशीनवर एक हिरवा कोट अर्धा शिवून पडला आहे. तो माझा आहे. म्हातारपणी मी जाड होणार, आमच्या घराण्यात सगळ्याच होतात, म्हणून त्याच्या शिवणीत चांगले चार बोटे कापड ठेवले आहे. हा कोट कोणालाही देऊ नये. मला लागणार आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली. तारीख: रिपोर्टचा आदला दिवस, बुधवार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: बेकरीवाले (साक्षीदाराला काही मिळत नसते, हे सही केल्यावर समजले.)
साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले

दाराशी उभ्या असलेल्यांचा शेरा: वाचले. आजचा चहा पाणचट होता.

ह्यांचा शेरा: वाचले. कोट शिवून झाला की इस्त्री मी करीन. मंद तापवून.