डाग कुणी दिला

जावई अजिनाथ पाव्हणं यांना कारभारीचा रामराम.

लेकीचा, अक्षदाचा, हात सुन्न पडायचा तेव्हा आजारी मेंढीला देतो तसा तापल्या विळ्याचा डाग मीच दिला होता. आज उस्मानपुऱ्याच्या दवाखान्यात त्याच मनगटाला नाडी लागंना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोगाशी लढणाऱ्या पेशीच हिच्या रक्तवाहिन्यांवर उलटल्यात, त्यानं त्या सुजून अरुंद झाल्यात."

म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढरावर उठलेलं.

"आणि हा डाग कुणी दिला?"

माझ्या तोंडून निघालं, "सासरच्यांनी."

तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. बाई तुमच्यावर लई बरसल्या. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं, अन् बाहेर आल्यावर पहिला चहा माझ्याच हातात दिला.

हे पत्र तुम्हाला द्यायला मन धजंना.

ज्याला तुम्ही अजून मामा म्हणता, तो
कारभारी