टिंबाची लांबी

११ जानेवारी

आवाज आला! संग्रहालयातल्या तार ऑफिसच्या दालनासाठी करत असलेला प्रोग्रॅम आज एकदाचा बोलला. आपण शब्द टाइप करायचा. कॉम्प्युटर तो मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या आखूड-लांब आवाजांत, वाजवतो, किती वेळ लागला ते सांगतो. मग तोच शब्द आपण बटणावर वाजवायचा — जमला तर ‘पास’, नाहीतर ‘पुन्हा प्रयत्न करा’. आखूड आवाज म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ; एक रेघ तीन टिंबांएवढी, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी शांतता, दोन शब्दांमध्ये सात. बाबांनी हे आम्हा दोघी बहिणींना जेवणाच्या टेबलावर बोटांनी शिकवलं होतं. धाकटी माझ्याहून सुरेख वाजवायची. अजून तोरा मिरवते.

१२ जानेवारी

नापास! मी! छोटा शब्द जमतो, मोठं वाक्य घेतलं की टिंबं लांबत जातात. दमले असेन.

१३ जानेवारी

पुन्हा तेच. सुरुवातीची टिंबं नीट, शेवटची पार रेघेएवढी.

लिहूनच टाकते. बाबांचं असंच सुरू झालं होतं. ते तारमास्तर. पलीकडच्या गावचा तारमास्तर त्यांना कधीही न भेटता, तारेवर वाजवण्याच्या नुसत्या हातावरून ओळखायचा. एक दिवस त्याने विचारलं, “आज बदली कोण बसलंय?” — बाबाच बसले होते! हात उघड थरथरायला लागला तो नंतर. मग चमचा धरवेना, मग गुंड्या लागेनात, मग सगळंच. हे मुलांमध्ये उतरू शकतं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते.

मला भीती वाटते. खूप.

१५ जानेवारी

चहा ओतताना हाताकडेच बघत राहिले, अर्धा चहा बशीत. नवरा म्हणाला, “लक्ष कुठंय?” सांगितलं नाही. तोंडातून काढलं की खरं होईल असं वाटतं. मन चिंती ते वैरी न चिंती!

१७ जानेवारी

दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले. आतून कुणाचं तरी नाव पुकारलं आणि माझ्या पाचावर धारण बसली. पळाले! पन्नाशीची बाई, हातात पर्स, फुटपाथवरून पळतेय. एक कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं.

१८ जानेवारी

धाकटीला बोलावलं. प्रोग्रॅम तपासायला दुसरा हात हवाय, एवढंच सांगितलं. बाईसाहेबांनी बोटं कडाकडा मोडली. “बघ ताई, वाजवतात कसं ते!” मोठं वाक्य दिलं — तीही नापास. तिचीही टिंबं तश्शीच लांबत गेली. चिडली. “तुझं मशीनच खुळं आहे!”

मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला. दोघींचे हात एकाच आठवड्यात, एकाच तऱ्हेने कसे बिघडतील?

१९ जानेवारी

सापडलं! प्रत्येक टिंबानंतर स्क्रीन पुसून सगळं वाक्य नव्याने लिहायला मीच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं. वाक्य वाढेल तसा तिथे वेळ जात होता, आणि तो टिंबाच्या माथी बसत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं गेला आठवडाभर स्वतःला ऐकवत होते — अंगण खरंच वाकडं होतं!

आता आधी नुसता वेळ मोजायचा, लिहायचं ते सगळं वाजवून झाल्यावर. मोठं वाक्य घेतलं. पास. आणखी मोठं. पास! जीव भांड्यात पडला. नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. “वेडी आहेस का? एकटीच भीत बसलीस?” म्हणाला. पोटभर रडले आणि दोन घास जास्त जेवले.

२० जानेवारी

धाकटी आपणहून आली. नापासाचा डाग पुसायचा होता म्हणे. तिने वाजवलं. मी स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. पुन्हा वाजवायला लावलं. मग छोटा शब्द दिला. मग नुसती टिंबं — एक आखूड आलं, एक लांब, एक मध्येच तुटलेलं.

“मी पास ना गं, ताई?”

“पास,” म्हणाले.

प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून वाचला. एकही चूक नाही.