टीव्हीवर चालेल अशी फाईल

दि. ९ मार्च, सोमवार

चि. छोटूस,

तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून लिहितो. माझा गुडघा अजून सुजलेलाच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मी काय सांगत होतो तेच विसरतो. पत्र वेळेवर पोचेल ना, याचीच काळजी लागली आहे. पोस्टात दोनदा विचारून आलो.

तू सांगितलेलं काम झालं. तुझ्याकडच्या फिल्मच्या सीडीवर ओरखडे पडले म्हणून तू म्हणालास, "दादा, जुना कॅमेरा तुझ्याकडे पडलाय ना, त्यातली आईची फाईल टीव्हीवर चालेल अशी करून आण. जमेल का रे तुला? नाहीतर राहू दे." मागून तुझी बायको हसली, "भाऊजींना रिमोट जमत नाही अजून!" ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे.

जन्मभर लोकांचे जुने कोट उसवून नव्या मापाचे शिवले. हेही तसंच निघालं. कापड तेच, माप दुसरं. कॉम्प्युटरवाल्याने फाईल भाड्याच्या लॅपटॉपमध्ये उतरवून दिली आणि काय दाबायचं ते सांगितलं. पण घरी येईपर्यंत निम्मं डोक्यातून गेलं. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकायला लागली तसा मी पंखा लॅपटॉपकडे वळवला. गरम होऊन आई जळून गेली तर, असं सारखं वाटत होतं. चहा तिथेच गार झाला.

आणि चूक झालीच. यादीतलं भलतंच काहीतरी निवडलं गेलं. चित्र गायब, नुसता आवाज आला. म्हटलं झालं, केली माती! बंदच करणार होतो.

पण त्यात तू वरून घातलेलं बासरीचं गाणं नव्हतं. दरवर्षी आईच्या श्राद्धाला तू ती फिल्म लावतोस, आई खाटेवर बसून ओठ हलवते, वर तुझी बासरी वाजते आणि सगळे डोळे पुसतात. मला वाटायचं, आई देवाचं नाव घेत असेल.

ती माझी चौकशी करत होती, छोटू. "थोरला आला का रे?" पुन्हा, "थोरल्याला कळवलंस ना?" आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज, अगदी स्वच्छ: "कळवलं गं. येत नाही म्हणाला. दुकान सोडवत नाही त्याला."

ती म्हणाली, "बरं."

फाईलवर तारीख आहे. त्याच आठवड्यात तू मला फोनवर काय सांगितलंस? "आई ठणठणीत आहे, उगाच धावपळ करू नकोस." मी वेडा, तुझ्यावर विसंबून लोकांच्या बाह्या टाचत बसलो. पुढचा फोन आला तो ती गेल्याचाच. तेव्हापासून नातेवाईक माझ्याकडे कसे बघतात, ते तुला ठाऊक आहे. मामी तर तोंडावर म्हणाली, "आईपेक्षा कात्री मोठी झाली होय रे?" तू शेजारीच उभा होतास. उलट आईचं सगळं तूच केलंस, असं म्हणवून घेतलंस. बासरीखाली काय पुरलंय, ते तू स्वतःच विसरलास, म्हणून तर फाईल माझ्याकडे मागितलीस.

मग मी ती नीट करून घेतली. चित्र आहे, आवाज आहे. गाणं घातलेलं नाही.

पेनड्राइव्ह आपल्या आक्काकडे दिला आहे. आत काय आहे ते तिला सांगितलेलं नाही. एवढंच म्हणालो, "आक्का, रविवारी श्राद्धाला सगळे जमले की तूच तुझ्या हाताने लाव आणि आवाज मोठा ठेव." तिला कमी ऐकू येतं, ती ठेवीलच. आजारी पडायचं सोंग करू नकोस. छोटू नसला तरी फिल्म लागणारच, असं तिनेच मला बजावलं आहे. मामीलाही आणते म्हणाली.

तुला आधी कळवतोय ते दया म्हणून नाही. रविवारपर्यंत तुला जेवण जाऊ नये, म्हणून कळवतोय.

माझी खुर्ची टीव्हीच्या बाजूला, भिंतीला टेकून, तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगितली आहे. तिथून पडदा दिसत नाही, असं आक्का म्हणाली. न का दिसेना. मला तुझं तोंड बघायचं आहे.

आईचा थोरला